प्रेक्षणीय स्थळे आणि पाहणाऱ्याचे ऋण

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या समाजातील प्रवासाचे स्वरूप पार पालटून गेले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला प्रवास म्हणजे काशी-रामेश्वराची यात्रा, नाहीतर लग्नकार्याच्या निमित्ताने पुण्या-सातारकडे एखादी फेरी, एवढाच ठाऊक होता. यात्रेला निघणारा माणूस काहीतरी देण्यासाठी निघत असे. पितरांना पिंड द्यायचा, देवाचा नवस फेडायचा, वाटेतल्या धर्मशाळेत चार पैसे ठेवायचे. आजचा प्रवासी मुख्यतः पाहण्यासाठी निघतो. त्यासाठी आपण 'स्थळदर्शन' हा शब्द वापरतो. त्यातला 'दर्शन' हा भाग देवळातून आलेला आहे, आणि देवळातले दर्शन एकतर्फी कधीच नसते. भक्त देवाकडे पाहतो आणि देव आपल्याकडे पाहतो आहे, ही जाणीव त्याला असते. स्थळदर्शनात हे दुसरे पाहणे गळून पडले आहे. आपण पाहतो, छायाचित्र घेतो आणि पुढल्या स्थळाकडे निघतो.

या बदलाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. निवृत्तीनंतर मीही हौसेने प्रवास करतो. परंतु या पाहण्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते. एखादे दृश्य आपल्या डोळ्यांना सुंदर दिसते. ते तसे व्हावे म्हणून पूर्वी कुणीतरी फार मोठी किंमत मोजलेली असते. ती किंमत ठाऊक असताना त्या दृश्याचा निर्भेळ आनंद घेणे उचित आहे काय? आणि ठाऊक नसेल, तर ती विचारून घेण्याचे बंधन पाहणाऱ्यावर आहे काय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एकच स्थळ डोळ्यांपुढे ठेवतो. दोन वर्षांपूर्वी कन्या आणि जावई यांच्याबरोबर आठ दिवस मॉरिशसला राहण्याचा योग आला. हिंदी महासागरातले हे बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. पण तेवढ्यात निसर्गाने आणि माणसाने किती प्रकार मांडून ठेवले आहेत! पोर्ट लुईची गजबजलेली बाजारपेठ, तिच्या पाठीशी उभे असलेले टोकदार डोंगर; क्युरपिप गावात विझलेल्या ज्वालामुखीचे हिरवे विवर; नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हरच्या खोल दऱ्या आणि त्यांतून उठणारे धुके; शामारेलची सात रंगांची माती आणि शेजारचा उंच धबधबा; पाम्प्लेमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपाने आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा ताडाच्या जातीचा वृक्ष. या सगळ्यांना जोडणारे दृश्य मात्र एकच, ते म्हणजे उसाचे फड. डोंगराच्या पायथ्यापासून समुद्राच्या काठापर्यंत वाऱ्यावर हलणारा हिरवा ऊस.

या बेटाच्या जाहिरातींत मार्क ट्वेनचे नाव हटकून येते. आधी मॉरिशस घडले आणि त्यावर बेतून पुढे स्वर्ग घडला, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या नावावर खपविले जाते. ट्वेन १८९६ मध्ये येथे आला होता आणि १८९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने ते लिहिले, हे खरे. परंतु स्वतःचे मत म्हणून नव्हे. एका रहिवाशाच्या बोलण्यावरून आपला असा समज होतो, असे तो खट्याळपणे सांगतो आणि लगेच दुसऱ्या रहिवाशाने ही अतिशयोक्ती असल्याचे सांगितल्याचीही नोंद करतो. जाहिरातीने पहिला रहिवासी ठेवला आणि दुसऱ्याला गाळले. प्रेक्षणीय स्थळांच्या बाबतीत बहुधा असेच घडते. दृश्य राहते आणि साक्षीदार गाळला जातो.

आता हा दुसरा साक्षीदार काय सांगतो ते पाहू. डच लोक १५९८ मध्ये या बेटावर उतरले तेव्हा येथे मनुष्यवस्ती नव्हती. १६३८ पासून त्यांनी वसाहत केली, एबनीची काळी लाकडे तोडून नेली, जावाहून ऊस आणला, हरणे आणली. जगात इतरत्र कोठेही नसलेला डोडो पक्षी त्या शतकाअखेर नाहीसा झाला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रज आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथे गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु ती संपण्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून निघालेले 'ॲटलास' नावाचे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले होते. त्यानंतरच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर या बेटावर उतरली. 'ॲग्रीमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते स्वतः गिरमिटिया झाले.

उसाच्या फडांमधून जाताना मधूनमधून काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतात. काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या, मनोऱ्यासारख्या. कन्येने विचारले, ही जुनी देवळे आहेत का? गाडी चालविणारा गृहस्थ बिहारी मजुरांच्या पाचव्या पिढीतला. तो शांतपणे हिंदीत म्हणाला, "देवळे नव्हेत. ही जमीन ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर दगड वेचून काढायला हवेत. आमच्या लोकांनी ते हातांनी वेचले आणि येथे रचले." एवढे बोलून त्याने गाडी पुढे नेली.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. जमिनीकडे पाहताना खसऱ्याचा नंबर, कब्जेदाराचे नाव, पिकाची नोंद या गोष्टी आपोआप मनात येतात. त्या राशींकडे पाहताना वाटले की हीच या जमिनीची खरी नोंद आहे. फरक इतकाच की तिच्यात कब्जेदाराचा रकाना नाही. कागदोपत्री जमीन मळेवाल्याची. दगड वेचणाऱ्याचे नाव हजेरीपटावर होते. पुरुष मजुराला साधारण पाच रुपये महिना आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. ही दुहेरी कपात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. नसेल तर भटक्या म्हणून अटक. या अन्यायाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्स या मळेवाल्यांपैकीच एका गोऱ्या माणसाने मजुरांचा अर्ज पुढे केला, तेव्हा कुठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी काही दिवस येथे थांबले, आणि पुढे त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे गुजराती बॅरिस्टर १९०७ मध्ये मजुरांची बाजू मांडायला येथे आले.

आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याची गोष्ट अशी की, या साडेचार लाखांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती, पुष्कळशी कोकणातली. संख्येने ती फार थोडी. आज त्यांचे वंशज घरी बहुधा क्रिओल बोलतात. पण मराठी शाळांतून शिकविली जाते, गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली झाकडी तेथे अजून नाचली जाते. बंदरावरच्या कारकुनाने नोंदवहीत लिहिलेले पूर्वजाचे एकेरी नाव हेच अनेक हिंदी घराण्यांचे आडनाव होऊन बसले. आडनाव, गाव, कुलदैवत हे सारे त्या एका ओळीत मावले नाही.

येथे आपल्याला स्वतःकडे वळून पाहणे भाग पडते. आपणही स्थलांतरितच. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर आणि दफ्तरांबरोबर आपले पूर्वज माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास आले. अडीचशे वर्षांनंतरही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याला विचारला जातो, आणि आपणही न पाहिलेल्या एखाद्या गावाचे नाव अभिमानाने सांगतो. परंतु आपले पूर्वज झेंड्याबरोबर आले आणि ते अंगठ्याच्या ठशावर गेले. आपल्याकडे सनदा, वाडे, वंशावळी राहिल्या. त्यांच्याकडे दगडांच्या राशी. एका भाषेच्या, कदाचित एकाच तालुक्यातल्या दोन माणसांच्या नशिबात हे एवढे अंतर कशामुळे पडले? गुणांमुळे पडले असे कुणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही. आणि आपल्या वाड्यांच्या सागवानी नक्षीमागे माळव्यातल्या कुणा कास्तकाराने भरलेला सारा होताच. म्हणजे प्रेक्षणीयतेचा प्रश्न केवळ परदेशातल्या बेटापुरता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याचे पहिले उत्तर तत्त्वज्ञांनी देऊन ठेवले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९० च्या आपल्या सौंदर्यमीमांसेत नेमका असाच दाखला घेतला आहे. एखाद्या राजवाड्याबद्दल मला कुणी विचारले की तो सुंदर आहे काय, तर बड्यांच्या चैनीसाठी प्रजेचा घाम वाया गेला म्हणून मी रूसोप्रमाणे संतापून बोलू शकेन. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होणार नाही, असा त्याचा आशय आहे. सौंदर्याचा निवाडा करताना वस्तू कशी झाली, कुणाच्या उपयोगाची, हे बाजूला ठेवावे लागते. या म्हणण्यात तथ्य आहे. उसाच्या फडावर सायंकाळचे ऊन पडते ते सुंदरच असते. गिरमिटियांचे हाल झाले म्हणून ते कुरूप ठरत नाही. तसे म्हणणे हे दुःखाबद्दलच्या आदरापोटी केलेले का होईना, असत्य आहे.

परंतु कान्टच्या उत्तराची मर्यादाही स्पष्ट आहे. 'हे सुंदर आहे काय?' याचे उत्तर तो देतो. 'हे सुंदर आहे हे कळल्यावर मी काय करावे?' हा वेगळा प्रश्न आहे, आणि प्रवासी हा केवळ निवाडा करणारा डोळा नसतो. तो पैसे देतो, जागा अडवितो, परत जाऊन वर्णन करतो आणि त्या वर्णनाने पुढल्या प्रवाशाचे पाहणे घडवितो. न्यायाधीशाला खटल्याबाहेरच्या गोष्टी बाजूला ठेवण्याची मुभा असते. घरी आलेल्या पाहुण्याला यजमानाचे दुःख बाजूला ठेवण्याची तशी मुभा नसते.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. ज्या भूमीवर एवढे अश्रू सांडले तेथे मौजेसाठी जाऊच नये. गेलेच तर मान खाली घालून जावे. हे उत्तर वरकरणी फार उदात्त दिसते. पण आपल्याच परंपरेतला एक विचार येथे मला उपयोगी वाटतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक विघ्न आहे. रंगमंचावर दुसऱ्याची कथा चालू असते आणि प्रेक्षक मात्र आपल्याच घरच्या विवंचनेत असतो. त्याला नाटक दिसतच नाही. अपराधभावाने झाकोळलेल्या प्रवाशाचे असेच होते. आपण किती संवेदनशील आहोत हे तो अनुभवत असतो. दगड वेचणारा माणूस पुन्हा एकदा मागे राहतो आणि पुढे उभी राहते ती प्रवाशाची हळहळ.

शिवाय या उत्तराला बेटावरच्या माणसांचाही आक्षेप आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे त्या देशाने आपल्या सीमा बंद केल्या आणि परदेशी प्रवाशांना पूर्ववत प्रवेश मिळायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. त्या काळात रिकाम्या राहिलेल्या खोल्या ज्यांच्या पोटावर आल्या, त्यांत गिरमिटियांचे पणतूही होते. आमच्या चालकाला माझ्या दुःखाची गरज नव्हती. त्याला ठरलेले भाडे आणि सरळ बोलणे हवे होते. ज्या बेटावर त्याचा पूर्वज हजेरीपटावरचा एक आकडा होता, तेथे तो आज स्वतंत्र देशाचा नागरिक आणि यजमान आहे. १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले तेव्हा त्यासाठी १२ मार्च हा दांडीयात्रेच्या आरंभाचा दिवस निवडला गेला, हे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. अशा माणसाकडे केवळ दुःखिताचा वंशज म्हणून पाहणे हा त्याचा अपमानच ठरेल.

मग योग्य उत्तर कोणते? मला वाटते ते 'ऋण' या आपल्या जुन्या कल्पनेत आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्याला पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे मनुष्यऋण सांगितले आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसांना आसरा आणि अन्न देणे. ऋण आणि अपराध यांत महत्त्वाचा भेद आहे. अपराध हा मी केलेल्या कृत्याचा असतो; ऋण हे मी काहीही न करता, केवळ मिळालेल्या गोष्टीमुळे येते. गिरमिटाची पद्धत मी निर्माण केली नाही, म्हणून माझ्यावर अपराध नाही. परंतु त्या हातांनी मोकळ्या केलेल्या भूमीचे सौंदर्य मी उपभोगले, म्हणून ऋण मात्र आहे. अपराध्याने मान खाली घालावी; ऋणकोने ती घालण्याचे कारण नाही. त्याने हिशेब लक्षात ठेवला पाहिजे आणि आपला हप्ता दिला पाहिजे.

हा हप्ता कोणता, हेही सांगायला हवे. नाहीतर तत्त्वज्ञान शब्दांतच राहील. पहिला हप्ता विचारण्याचा. ल मोर्न या ५५६ मीटर उंचीच्या कड्यापाशी हजारो लोक समुद्रस्नानासाठी जातात. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर आश्रय घेत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता द्यायला शिपाई वर चढू लागले, ते धरायला येत आहेत असे समजून अनेकांनी खाली उड्या घेतल्या, अशी लोककथा तेथे सांगितली जाते. कथेचा पुरावा काय, हे इतिहासकारांनी पाहावे. पण गुलामांच्या वंशजांना तो कडा असा दिसतो ही वस्तुस्थिती आहे, आणि २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो या स्मृतीसाठी. हे जाणून घेतल्यावर कडा कमी सुंदर दिसत नाही. समुद्रात पोहायलाही हरकत नाही. मात्र आपण कुणाच्या अंगणात पोहत आहोत हे ठाऊक असते.

दुसरा हप्ता पायांनी जाण्याचा. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८४९ मध्ये उभारलेल्या त्या डेपोचा बराचसा भाग पुढे महामार्गात गेला. राहिला त्याला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. डोळ्यांना सुख देणारे तेथे काहीही नाही. दगडी भिंती, मजुरांच्या खोल्यांचे अवशेष आणि पायऱ्या. लाखो माणसे याच पायऱ्या चढून या भूमीवर आली. आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत घाट नव्हता. बाजारासाठी राखलेल्या वेळातून आम्ही अर्धा तास काढला. सात रंगांची माती पाहायला आपण तिकीट काढून तासभर उभे राहतो, तर हा अर्धा तास जड वाटू नये.

तिसरा हप्ता सर्वांत कठीण, कारण तो घरी परतल्यावर द्यावयाचा असतो. दूरच्या बेटावर उघडलेले डोळे जवळच्या दृश्याकडेही उघडे राहिले पाहिजेत. आपल्याकडे खंडवा जिल्ह्यात इंदिरासागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया हे सहलीचे ठिकाण झाले आहे. २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरू लागला. अथांग पाणी, त्यात हिरवी बेटे, नौकाविहार. इंदूरची मंडळी हौसेने जातात आणि दृश्य खरोखरच रमणीय आहे. त्याच जलाशयासाठी २००४ च्या उन्हाळ्याअखेरीस हरसूद हे नांदते गाव रिकामे करण्यात आले. लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली, दारे-चौकटी आणि विटा गाड्यांवर लादल्या. त्याखेरीज अडीचशेच्या आसपास गावांना या पाण्याची झळ पोहोचली. धरणातून वीज मिळाली, सिंचन झाले, हे मी नाकारीत नाही. शासनाची सेवा केलेल्या माणसाला विकासाचे मोल ठाऊक असते. परंतु नौकेत बसलेल्या नातवाने 'आजोबा, या पाण्याखाली काय आहे?' असे विचारले, तर 'काही नाही' असे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कुणी म्हणेल, अशा रीतीने पाहू लागलो तर जगात निश्चिंतपणे पाहण्यासारखे काय उरेल? ताजमहाल, मांडू, ग्वाल्हेरचा किल्ला, साऱ्यांच्याच पायाशी कुणाचे तरी श्रम आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी पूर्णपणे नाही. कित्येक ऋणे अशी असतात की धनको हयात नसतो आणि त्याचे नावही उरलेले नसते. ती फिटत नाहीत. पण न फिटणारे ऋण आणि नाकारलेले ऋण यांत फरक आहे. पितृऋणही पूर्णपणे कुठे फिटते? तरी आपण दरवर्षी पाणी सोडतोच, आणि ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशांसाठीही सोडतो.

मॉरिशसच्या फडांतील त्या राशी रचणाऱ्यांची नावे बहुतेक कुणाला सांगता येणार नाहीत. तेथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत, आणि कितीतरी कुटुंबे आपल्या पूर्वजाची ती एक ओळ शोधायला तेथे येतात. आपल्यापैकी जे कुणी त्या बेटावर जातील, त्यांनी धबधबा पाहावा, दऱ्या पाहाव्यात, समुद्र मनसोक्त पाहावा. उसातून जाताना काळ्या दगडांची रास दिसली तर गाडी दोन मिनिटे थांबवावी, आणि मुलांनी विचारले तर ती कुणी रचली ते सांगावे.